उजेड आणि उजवा हात : ख्रिस्ती विश्वास आणि सत्कर्मांबद्दल नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना सुटली की चर्चच्या आवारात चहाचे कप हातात घेऊन जे प्रश्न विचारले जातात, ते हे. काही तरुण संघातल्या मुलामुलींचे आहेत, काही आमच्या कॉलनीतल्या हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांचे. दोन-तीन माझे स्वतःचेच आहेत, मला बरीच वर्षं छळणारे. मी पाळक नाही, सिस्टरही नाही. शरणपूर रोडच्या परिसरात वाढले, नोकरी करते, आणि दर गुरुवारी संध्याकाळी डबे घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या आम्हा सहा-सात जणींपैकी एक आहे. उत्तरं माझ्या समजुतीची आहेत. जिथे वचनाचा आधार आहे तिथे अध्याय दिला आहे, म्हणजे तुम्हाला स्वतः उघडून वाचता येईल.

प्रभू येशू एकदा म्हणतो चांगली कामं लोकांना दिसू द्या, आणि पान उलटलं की म्हणतो कुणाला दाखवू नका. यातलं खरं कोणतं धरायचं?

दोन्ही. ही दोन वचनं वेगवेगळ्या दिवसांची नाहीत, डोंगरावरच्या एकाच प्रवचनातली आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात ५:१६ मध्ये प्रभू सांगतो की तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या, म्हणजे ते तुमची चांगली कामं पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतील. पुढे ६:१ पासून सांगतो की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. हे दुसरं आपल्या कानाला अगदी ओळखीचं आहे. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं ख्रिस्ती नसलेल्या घरांतही आजी-आजोबा सांगतात. म्हणूनच बहुधा आपण मराठी ख्रिस्ती लोक सहावा अध्याय पटकन धरतो आणि पाचवा सोडून देतो.

मला याचा उलगडा आजीच्या घरी झाला. सिन्नर तालुक्यात तिचं मातीचं घर होतं आणि वीज कायम गेलेली असायची. चुलीच्या वरच्या कोनाड्यात ती रॉकेलची चिमणी ठेवायची. आम्ही सगळे त्या उजेडात जेवायचो, पण चिमणीकडे कुणी बघत नसे. बघायचो ते ताटातल्या भाकरीकडे, पिठल्याकडे, समोरच्याच्या तोंडाकडे. एकदा मी हट्टाने चिमणी ताटाशेजारी आणून ठेवली, तर डोळे दिपले आणि पिठलंच दिसेना. आजीने काही न बोलता ती उचलून परत कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर पायली पालथी घालून पाहिली. थोड्या वेळाने पायली उचलली, तर चिमणी विझलेली आणि पायलीला आतून काजळी.

दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, हे वचन तोवर संडे स्कूलमध्ये पाठ झालं होतं. पण झाकलेला दिवा नुसता दिसेनासा होत नाही, तो विझतोच, हे त्या दिवशी कळलं. विश्वासाचंही तसं होताना मी पाहिलं आहे. ‘माझा विश्वास माझ्यापुरता’ असं म्हणणाऱ्या कितीतरी घरांत दहा-पंधरा वर्षांनी नाताळच्या करंज्यांखेरीज फारसं काही उरलं नव्हतं.

म्हणून मी मनाशी असं धरलं आहे की काम दिसू द्यावं, आपण मधे येऊ नये. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ मध्ये टबीथा नावाच्या बाईची गोष्ट आहे. ती वारली, येशूचा शिष्य पेत्र आला, तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. टबीथाने स्वतः कधी कुणाला काही दाखवल्याचं तिथे लिहिलेलं नाही. अंगावरचं कापड मात्र दिसतंच, त्याला इलाज नाही.

म्हणजे चांगली कामं केली की तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळते?

नाही. इफिसकरांस पत्र २:८-९ स्पष्ट आहे : तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे. अडचण अशी की बहुतेक जण नवव्या वचनावर थांबतात. दहावं वचन सांगतं की आपल्याला निर्माण केलं तेच सत्कर्मांसाठी. आणि याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ विचारतो की उघड्या-उपाश्या भावाला ‘जा, पोटभर जेव’ एवढंच म्हणून काही दिलं नाही, तर त्याचा उपयोग काय?

आमच्या घरी यावरून जेवताना वाद व्हायचे, कारण आम्ही प्रोटेस्टंट आणि आत्या कॅथलिक घरात दिलेली. ती म्हणायची तुम्ही कामांना किंमतच देत नाही, आणि वडील म्हणायचे तुम्ही कामांवर हिशेब मांडता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट चर्चेसचा) जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या : देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेने, आपल्या कुठल्या पुण्याईने नव्हे, आणि सत्कर्मं त्या कृपेच्या मागून येतात. चारशेहून जास्त वर्षांच्या भांडणाची ती मोठीच गाठ सुटली. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग इतकी वर्षं आम्ही दोघं बहीणभाऊ कशाला घसा कोरडा करत होतो?”

मी मुलांना दत्तक मुलीचं उदाहरण देते. ती घरात आईच्या हाताखाली पोळ्या लाटते, पण लाटल्या नाहीत तर घराबाहेर काढतील या भीतीने लाटत नाही. घर आधीच तिचं झालेलं असतं.

आमच्याकडे द्यायला पैसा नाही. आम्ही काय करणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याचं उत्तर मला दवाखान्याच्या व्हरांड्यात मिळालं.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यांत पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवणकडून माणसं येतात. पेशंट आत, आणि त्याच्यासोबत आलेले दोघं-तिघं बाहेर फरशीवर, गोधडी अंथरून. आम्ही सुरुवातीला मोठ्या उत्साहाने पुलाव नेला, वर काजू वगैरे. लोक घ्यायचे, थोडा खायचे, बाकीचा झाकून ठेवायचे. तिसऱ्या गुरुवारी सुरगाण्याकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी डबा परत देताना अगदी संकोचून म्हटलं, “चांगलं आहे ताई. पण भाकर असती तर पोटाला बरं वाटलं असतं.” आम्ही इतके दिवस आम्हाला जे द्यायला आवडतं ते देत होतो. पुढच्या गुरुवारपासून नागलीची भाकरी, वरण आणि लसणाची चटणी. खर्च निम्म्याने कमी झाला आणि डबे घासूनपुसून रिकामे परत येऊ लागले.

त्याहून मोठी गोष्ट कळायला आणखी वेळ लागला. जेवण काय, कसंही मिळतं. तिथे खरी टंचाई असते ती वाचता येणाऱ्या माणसाची. कोणत्या खिडकीवर जायचं, हा कागद कसला, एक्सरे कुठे, रक्त आणायला सांगितलंय म्हणजे नेमकं काय करायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं, हे पुष्कळांना नाशिकला पोचल्यावर कळतं आणि कार्ड गावी पेटीत असतं. तेव्हा गावातल्या कुणाला तरी फोन लावून उद्याच्या पहिल्या एसटीने कार्ड पाठवायला सांगणं, हे काम. त्याला पैसे लागत नाहीत, दीड तास लागतो. आमच्यातली एक जण नववी पास आहे, तिला फक्त रांगा आणि खिडक्या पाठ आहेत, आणि माझ्या मते आमच्या गटातली सगळ्यात कामाची बाई तीच.

ज्यांना हेही जमत नाही त्यांनी रक्त द्यावं. मे महिन्यात, सुट्ट्यांमुळे शिबिरं कमी होतात तेव्हा तर नक्कीच.

मदत करतानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावेत का? त्यातून इतरांनाही प्रेरणा मिळते ना?

घेणाऱ्याचा चेहरा टाकू नका. हे मी चूक करून शिकले आहे.

एका डिसेंबरात आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात ब्लँकेटं वाटली. त्या आठवड्यात निफाडचा पारा पार खाली गेला होता आणि नाशिकमध्येही रात्री हुडहुडी भरत होती. एका बाईच्या हातात ब्लँकेट देताना मी मोबाइल पुढे केला. तिने एका हाताने ब्लँकेट धरलं आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडावर ओढला. फक्त डोळे दिसत होते. मी ते पाहिलं, तरीही बटण दाबलं. फोटो मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या, ग्रुपवर गेला, भराभर हात जोडलेली चित्रं आली, मला बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी तिचा पुतण्या मला शोधत आला. शहरात एका सोसायटीत वॉचमन होता. फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, “मॅडम, माझी काकू भीक मागायला नव्हती बसली. तिचा पोरगा आत होता.” मी माफी मागितली, फोटो काढून टाकायला सगळ्यांना सांगितलं, पण गेलेला फोटो परत येत नाही. तो पदर मला अजून दिसतो.

आता आम्ही घडी घातलेल्या ब्लँकेटांचा ढीग आणि दुकानाची पावती, एवढेच फोटो काढतो. हिशेब मात्र लपवायचा नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांना पै-पैचा हिशेब मिळालाच पाहिजे, आणि तो तिमाहीला मंडळीसमोर वाचून दाखवला जातो. पैशाच्या बाबतीत ‘गुप्तदान’ हा शब्द पुढे करून जमाखर्च टाळणारे लोक मी पाहिले आहेत. प्रभूने गुप्त ठेवायला सांगितलं ते देणाऱ्याचं मोठेपण. खर्चाची वही त्यात येत नाही.

तुमच्या सेवेच्या आड धर्मांतर चालतं, असं लोक म्हणतात. खरं काय?

शेजाऱ्यांनी तोंडावर विचारलं याचं मला बरं वाटतं. पाठीमागे बोलण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

आमच्या गटाची रीत सांगते. डब्यासोबत पुस्तिका देत नाही. डब्यावर चर्चचं नाव नाही. पेशंटच्या उशाशी उभं राहून न विचारता प्रार्थना करत नाही. आजारी माणूस आडवा असतो, त्याला उठून जाता येत नाही, त्याच्या त्या अवस्थेचा फायदा घेणं मला पाप वाटतं. कुणी विचारलंच, की ताई तुम्ही दर आठवड्याला का येता, तर खोटंही बोलत नाही. सांगते की मी ख्रिस्ती आहे, येशूने माझ्यावर केलेली दया मला पुरून उरते, म्हणून येते. पुढे त्याने विचारलं तर बोलते, नाही विचारलं तर चटणी वाढते. राज्यघटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा आणि त्याबद्दल बोलण्याचा हक्क देतं, तो हक्क मला प्रिय आहे. पण भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागायला ख्रिस्तानेच जागा ठेवलेली नाही. योहान सहावा अध्याय वाचा. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक त्याला बळजबरीने राजा करायला निघाले, तर तो डोंगरावर एकटाच निघून गेला. आणि दुसऱ्या दिवशी ते शोधत आले तेव्हा त्याने तोंडावर सांगितलं की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या नजरेत परका. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं, असं कुठेही नाही.

आता ‘दुष्काळात पोटासाठी बाटलेले’ हे ऐकावं लागतं त्याबद्दल. माझे पणजोबा नगरकडचे, दुष्काळातच घर सोडून आलेले. कुणीतरी त्यांना खायला घातलं, हे खरं आहे. ते कशामुळे विश्वासात आले हे मी त्यांच्या काळजात शिरून पाहू शकत नाही. एवढं सांगू शकते की आज आमच्या घरात चौथी पिढी नोकरीधंद्याला आहे, कुणाच्या धान्याची गरज नाही, आणि तरी आम्ही रविवारी उपासनेला जातो. ज्या कुणी तेव्हा एका पारड्यात धान्य आणि दुसऱ्यात बाप्तिस्मा ठेवला असेल, त्याने चूक केली, हेही मी तितक्याच स्पष्टपणे म्हणेन.

नाशिक रामाची नगरी, कुंभमेळ्याचं ठिकाण. इथे ख्रिस्ती माणसाने यात्रेकरूंची सेवा करावी का? ते आपल्या विश्वासाला धरून होईल?

तहानलेल्याला पाणी देताना तो कुठे निघालाय हे विचारायचं नसतं. २०१५ च्या कुंभात आमच्या गल्लीतल्या मुलांनी चुकलेल्या म्हाताऱ्या माणसांना रस्ता दाखवला, फोन लावून दिले. २०२७ लाही ते करायचं आहे. पूजेत सहभागी होणं वेगळं आणि थकलेल्या माणसाला सावलीत बसवणं वेगळं, एवढा विवेक आपल्याला असतोच.

आणि हा रस्ता एकेरी नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला वसई, मुंबई, गोव्याकडून भाविक येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. त्या गर्दीत आमच्या आत्याला चक्कर आली तेव्हा तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेणारा रिक्षावाला मुसलमान होता, आणि त्याने भाडं घेतलं नाही.

ख्रिस्ती झालो म्हणजे गोदाकाठचे राहिलो नाही, असं मानणाऱ्यांसाठी मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून देते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मूळच्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

शरणपूर हे नाव कशावरून पडलं?

शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. आज तिथे सिग्नल, शोरूम आणि क्लासेसच्या पाट्या आहेत, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनी तेव्हाच्या नाशिक शहराबाहेर ही वस्ती उभी केली. ख्रिस्ती झाल्यामुळे घरातून, जातीतून बाहेर पडावं लागलेली माणसं आणि अनाथ मुलं तिथे राहत, सुतारकाम-लोहारकाम शिकत.

मग तिथे आफ्रिकी मुलं आली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून ब्रिटिश नौदल जी माणसं सोडवून मुंबईला आणत असे, त्यांतली कित्येक मुलं शरणपूरला पाठवली गेली. विचार करा : आईबापांपासून तोडलेली, भाषा कळत नाही, देश माहीत नाही, अशी मुलं आपल्या नाशिकमध्ये रंधा मारायला आणि वाचायला शिकत होती. इतिहासात त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखतात.

त्यांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात शरणपूरची काही मुलं त्यांच्यासोबत होती. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले. सोबतच्या आफ्रिकी माणसांनी त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं. जेकबने त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग त्यांनी देह मीठ लावून उन्हात वाळवला, गुंडाळला, आणि दीड हजारांहून जास्त किलोमीटर चालत, कित्येक महिने, समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. त्या जंगलात त्यांना जाब विचारणारं कुणीही नव्हतं. तिथेच पुरून आपापल्या वाटेने गेले असते तर जगाने त्यांना बोल लावला नसता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत जेकब होता.

ही गोष्ट बहुतेक वेळा प्राइस यांच्या दयाळूपणाची म्हणून सांगतात. ते दयाळू होतेच, जरी त्या काळच्या मिशनऱ्यांचं सगळंच मला पटत नाही. इथल्या माणसांना ते पुष्कळदा लहान मुलांसारखं वागवत. मला ती जेकबची गोष्ट म्हणून सांगायला आवडते. ज्याला एकदा कुणीतरी उचलून आणलं होतं, त्याने पुढे दुसऱ्याला उचलून नेलं. १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही सोडवलेल्या गुलामांची वसाहत वसवली, तेव्हा शरणपूरला शिकलेले अनेक जण तिथे गेले आणि त्यांच्यासारख्याच पोरक्या झालेल्यांना आधार दिला.

मी सेवा वगैरे काही करत नाही. दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, ती सांभाळतो. मी कसली साक्ष देणार?

भाऊ, तुम्हाला तर आम्हा डबेवाल्या बायकांपेक्षा जास्त वाव आहे. आम्ही आठवड्यातून दोन तास जातो. तुमच्या बांधावर माणसं महिनोन्‌महिने असतात.

एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं), खुडा (काढणी). पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या येतात, मुकादम उचल (आगाऊ रक्कम) घेतो, आणि हंगाम संपला की हिशेब होतो. त्या हिशेबाच्या वेळी तुमचा विश्वास जितका दिसतो तितका ख्रिसमस ट्रीवरून दिसत नाही. लेवीय १९:१३ म्हणतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. याकोब ५:४ म्हणतं की शेतकऱ्याने अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळ झाली तशी मजुरी देतो. बायबलमध्ये द्राक्षमळे इतक्यांदा आलेत की नाशिककराने ते वाचताना स्वतःच्या बागेकडे बघू नये, हे शक्य नाही.

तेव्हा हिशेब मुकादमाशीच नव्हे, प्रत्येक जोडीसमोर करा. उचल किती घेतली, किती फिटली, हे वहीत त्यांच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा. औषध मारणाऱ्याला मास्क आणि हातमोजे द्या, साबण-पाणी बागेतच ठेवा. टोळीतल्या बायकांसाठी आडोसा करा. बांधावर झोळीत बाळ असतं, त्याच्यावर फवारा उडणार नाही असं बघा. यातलं काहीच ‘सेवा’ म्हणून मोजलं जात नाही. खरं तर हे देणंच आहे, दान नाही.

माझ्या मामाची निफाडकडे बाग होती. एका वर्षी व्यापारी माल उचलून गेला आणि त्याचा चेक वटला नाही. होळी चार दिवसांवर आलेली. पेठकडच्या माणसांचा तो वर्षाचा सण, होळीला घरी जायचंच. मामाने मोटारसायकल विकली. ओट्यावर पोतं अंथरून, वही उघडून, एकेका जोडीला बोलावून त्याने नोटा मोजून दिल्या, आणि मामी प्रत्येकीच्या पदरात पसाभर बेदाणे घालत होती. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, वहीवर बॅटरी धरून उभी. मामा त्या रात्री येशूचं नाव एकदाही बोलला नाही. पुढे कधीतरी कळलं की त्यांच्या पाड्यावर त्या बागेचं नावच पडलं होतं, ‘ख्रिश्चनाची बाग, तिथं कुणाचा पैसा अडकून राहत नाही’.

मदत घेणारा खोटं बोलून फसवत असेल तर?

कधीकधी फसवतो. रोख रक्कम देण्याऐवजी औषधाच्या दुकानात सोबत जा, एसटीचं तिकीट काढून द्या. त्यानंतरही फसलो तर सोडून देते. दहातल्या एकाच्या खोटेपणासाठी नऊ जणांना उलटतपासणीला उभं करणं मला जमत नाही.

दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चला द्यावा की थेट गरिबाला?

आम्ही दशांश चर्चला देतो आणि गुरुवारचा खर्च त्याच्या वर काढतो. पाळकांचा पगार, इमारतीची डागडुजी, हेही कुणीतरी भरावं लागतं. तुमच्या घरी हे गणित वेगळं बसत असेल तर नवरा-बायकोने मिळून प्रार्थनेत ठरवा. एकाने ठरवून दुसऱ्याला नुसतं कळवू नका.

बाहेर सेवा करणारी माणसं घरी मात्र चिडचिड करतात. हे ढोंग नाही का?

माझ्या मुलीने हा प्रश्न मला विचारला होता, म्हणून तो टाळत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या त्या दोन वर्षांत, मी गुरुवारी दवाखान्यात अनोळखी बायकांशी मऊ आवाजात बोलायचे आणि घरी येऊन सासूबाईंचं पांघरूण बदलताना दातओठ खायचे. मुलगी दारात उभी राहून हे बघत होती. तिने विचारल्यावर मी तीन महिने गुरुवारचं जाणं बंद केलं. मंडळीत काहींना ते आवडलं नाही. पण सासूबाईंच्या केसांना तेल लावून वेणी घालायला मला तेव्हाच वेळ झाला. तीमथ्याला पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, पौल घरच्यांची काळजी न घेणाऱ्याबद्दल फार कडक बोलला आहे. तो भाग आता मी जपून वाचते.

तुमच्यासोबत यायचं असेल तर काय आणावं?

स्टीलचा झाकणाचा डबा, प्लास्टिकची पिशवी नको. डब्यावर स्वतःचं नाव घालू नका, नाहीतर लोक तो परत करायला तुम्हाला शोधत बसतात. चटणी वेगळी, भाकरी फडक्यात गुंडाळून. एक पेन, कारण तिथे पेन कुणाकडेच नसतं. मोबाइल पर्समध्ये. व्हरांड्यात पोचलात की उभ्याने वाढू नका. आधी विचारा, “बसू का इथं?” हो म्हणाले तर गोधडीच्या कडेला, फरशीवर बसा, आणि गाव कुठलं ते विचारा.